केसाएवढी जागा

मराठीच्या प्राध्यापकाने काय काय करावे याविषयी आमच्या म्हसळ्यातील मंडळींच्या कल्पना अगदी स्पष्ट आहेत. त्याने गणेशोत्सवात व्याख्यान द्यावे, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासून द्यावेत, शोकसभेत दोन शब्द बोलावेत आणि वक्तृत्वस्पर्धेला परीक्षक म्हणून बसून शेवटी ‘सर्वच स्पर्धक तोडीस तोड होते’ असे धादांत खोटे विधान करावे. ही सर्व कामे मी गेली वीस वर्षे बिनतक्रार करीत आलो आहे. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत मी बनियनवर, कोपरापर्यंत काळे हात करून, अंगणात एका मोटारसायकलीचे पोट उघडून बसलेला दिसलो तेव्हा येणारेजाणारे थबकू लागले. एका माजी विद्यार्थ्याने तर फाटकापाशी उभे राहून, “सर, कॉलेजात सगळं ठीक आहे ना?” अशी हलक्या आवाजात चौकशी केली. बिचाऱ्याला वाटले असावे, सरांची नोकरी गेली!

नोकरी शाबूत आहे. ही सारी उठाठेव आमच्या बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची. तो विधी करावा असे घरातल्या सर्वांना वाटत होते. बाबांनी मात्र साफ नकार दिला. “होमाच्या धुरानं माझे डोळे चुरचुरतात,” ते म्हणाले. “धूरच करायचा असेल तर जावाचा करा. तिचा आवाज ऐकून चौदा वर्षं झाली.”

म्हाताऱ्या माणसाने एवढेच मागावे आणि ते आपल्याला देता येऊ नये, यापरती नामुष्की कोणती? मी मोठ्या उत्साहाने “हो” म्हणून बसलो. पुढे काय वाढून ठेवले आहे याची मला कल्पना नव्हती.

ही जावा १९७१ सालची. मैसूरला आयडियल जावा कंपनी १९६० साली निघाली. रुस्तुम आणि फारूख इराणी हे तिचे जनक. लहानपणी मला वाटे, हे नाव जावा बेटावरून पडले असणार. तसे नाही. फ्रांतिशेक यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय विकत घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून ‘यावा’ केले. आपण रोमन अक्षरे आपल्या पद्धतीने वाचली आणि ‘यावा’ची ‘जावा’ झाली. मराठीच्या माणसाला हा अपभ्रंश फारच गोड वाटतो. घरात ‘यावा’ असे नुसते आमंत्रण असण्यापेक्षा ‘जावा’ असणे किती तरी नांदते! पुढे त्याच कारखान्याने येझ्दी काढली, १९९६ साली कारखाना बंद पडला, आणि २०१८ मध्ये जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले. पण त्या गाड्या चार-स्ट्रोकच्या. आमची जुनी टू-स्ट्रोक. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक मारायची ती दांडी पुढे वळवली की तिचाच गिअर होतो. पाहुण्यांना ही करामत दाखवणे हा माझ्या बाळपणीचा आवडता उद्योग होता.

बाबा तलाठी होते. त्यांनी ही गाडी १९७७ साली सेकंडहँड घेतली आणि निवृत्त होईपर्यंत तिच्यावरून खरसई, पाभरे, मेंदडी अशी गावे पालथी घातली. मागच्या कॅरिअरला लाल फडक्यातले दप्तर बांधलेले असे. संध्याकाळी वळणावर तिचा तो घुमणारा आवाज आला की आई आधणात चहा टाकी, आणि मी पाढ्यांचे पुस्तक उघडी. पुढे २०११ मध्ये बाबांची नजर अधू झाली आणि गाडी पडवीत उभी राहिली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्या पडवीचे छप्पर उडाले. घरावरची कौले बसवून होईपर्यंत त्या गाडीकडे पाहायला कोणाला सवड होती? सगळा पावसाळा ती उघड्यावर भिजली.

गाडी उघडण्याचे काम मी एकट्याने केले असे सांगण्याचा मोह होतो. पण खरे कर्ते चाचा. चाचा बावीस वर्षे कुवेतला फिटर होते. आता मुले तिकडे आणि चाचा इकडे, असा आमच्याकडच्या पुष्कळ घरांतला प्रकार. त्यांनी हेड उतरवले, सिलिंडर वर ओढून काढला, उजेडाकडे धरला आणि नाकावरचा चष्मा कपाळावर नेला.

“सर, ह्यात पाणी राहिलंय.”

मी डोकावून पाहिले. एका अंगाला तांबूस डाग होते. चाचांनी नख फिरवले. नख अडकले.

मला तोवर वाटत असे की सिलिंडर म्हणजे एक नळी आणि पिस्टन म्हणजे तिच्यात खालीवर होणारे बूच. चाचांनी माझा तास घेतला. जावाचा सिलिंडर बिडाचा, त्याचे मूळ माप ६५ मिलिमीटर. पिस्टन त्यात ७५ मिलिमीटर वरखाली होतो. पिस्टन ॲल्युमिनियमचा. इंजिन तापले की दोघेही फुगतात. पण ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. शिवाय पिस्टनचा माथा ज्वाळेखाली असतो, तो अधिकच तापतो. म्हणून थंड असताना दोघांच्या मध्ये थोडी जागा सोडावी लागते. ती सहा-सात शतांश मिलिमीटर, म्हणजे सुमारे एका केसाएवढी.

“घट्ट बसवला की मजबूत, असं लोकांना वाटतं,” चाचा म्हणाले. “घट्ट बसवला तर तापल्यावर पकडतो. सैल बसवला तर खडखडतो. फुगायला जागा सोडायची, पण केसाएवढीच. सगळी मिस्त्रीगिरी त्या केसात आहे.”

आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. पिस्टन गोल नसतो! तो किंचित लंबगोल घडवलेला असतो आणि माथ्याकडे निमुळता होत जातो, कारण सगळीकडे तो सारखा तापत नाही. कामाला लागला, तापला, की मग गोल होतो. मला माझे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी आठवले.

सिलिंडर झिजला की लेथवर तो आतून कापून गुळगुळीत करतात आणि पाव मिलिमीटर मोठा पिस्टन घालतात. पुन्हा झिजला की पुन्हा पाव. आमचा सिलिंडर आजवर दोनदा कापला गेला होता, म्हणजे माप ६५.५० वर आले होते. गंजाचे खड्डे जावेत तर आणखी अर्धा मिलिमीटर तरी कापायला हवा, म्हणजे ६६. “आणि ६६ म्हणजे शेवटचं,” चाचा म्हणाले. “त्यापुढं ह्याला पिस्टन नाही. नाहीतर दुसरा रस्ता: हा आतून सगळा कापून काढायचा, त्यात नवा लायनर ठोकायचा आणि पुन्हा ६५ला यायचं. महाडला लेथवाला करून देईल. बोला, काय करायचं?”

मी तत्काळ पहिला मार्ग निवडला. कारण उघड होते. ज्या भिंतीवरून बाबांचा पिस्टन चौतीस वर्षे फिरला ती भिंतच कापून फेकून द्यायची, ही कल्पना मला सहन होईना. जुन्या पोथीचा जीर्ण कागद नको म्हणून कोणी ती नव्या कागदावर उतरवून मूळ प्रत विसर्जित करतो का? मी चाचांना हा दृष्टान्त दिलाही. त्यांनी शांतपणे बिडी शिलगावली आणि म्हणाले, “साहेबांना विचारू या. गाडी त्यांची.”

बाबा आपल्या टेबलापाशी होते. त्यांचे टेबल म्हणजे अजून तलाठी कार्यालयच. कागदांचे गठ्ठे, टाचण्या, निळ्या शाईची दौत, आणि कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक जुना, काळवंडलेला पिस्टन. तो पिस्टन मी इतकी वर्षे पाहत आलो होतो की तो मला दिसेनासा झाला होता.

बाबांनी चाचांचा प्रश्न ऐकून घेतला, खण उघडला आणि एक लांबट वही काढली. गाडीची वही! तलाठ्याने ओढलेले रकाने: दिनांक, काम, खर्च, कारण. टायर, चेन, प्लग, सगळ्यांच्या नोंदी. चाचा बोट फिरवीत वाचू लागले. १९८६: बोअर करून पाव मापाचा पिस्टन, कारण, झीज. क्लचप्लेटा, कारण, झीज. दिव्याची काच, कारण, मेंदडीची म्हैस. मग डिसेंबर १९९८: बोअर करून अर्ध्या मापाचा पिस्टन, कारण...

“इथं काही लिहिलेलं नाही, साहेब.”

“नाही,” बाबा म्हणाले.

चाचांनी टेबलावरचा पिस्टन उचलला, उजेडात फिरवला. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभे ओरखडे होते आणि एका बाजूला ॲल्युमिनियम वितळून सारवल्यासारखे झाले होते. रिंगा खोबणीत चिकटून बसलेल्या. “हा तेव्हाचाच ना?” ते म्हणाले. “हा कोरडा पकडलाय. ऑइलच नव्हतं ह्याला.”

बाबांनी काही उत्तर दिले नाही. ते चहाची कपबशी जवळ ओढण्यात गुंतले होते. माझे कान मात्र तापू लागले. त्या क्षणी मला कोणी मोजले असते तर मीही आपल्या मापाबाहेर फुगलेला निघालो असतो.

वाचकहो, आता मला तुमच्यापाशी एक कबुली द्यावयाची आहे. १९९८ साली मी कॉलेजात होतो. दिवाळी संपून महिना झाला होता. माणगावला कसलासा फॉर्म भरायचा होता आणि बाबांनी प्रथमच मला एकट्याला गाडी दिली होती. वर पेट्रोलचे आणि ऑइलचे पैसे मोजून हातावर ठेवले होते. जावाच्या पिस्टनला वेगळे वंगण नसते. पेट्रोलातच टू-टी ऑइल मिसळायचे आणि त्याचाच पुसट हात सिलिंडरवर फिरायचा. बाबांचे प्रमाण पंचवीसास एक, म्हणजे लिटरमागे ४० मिलिलिटर. चार लिटरला १६०. हे मला पाढ्यासारखे पाठ होते. पण माणगावच्या स्टँडवर दिवाळी अंक निम्म्या किमतीला मिळू लागले होते, आणि एका अंकावर माझा डोळा होता. पंपावरच्या माणसाने विचारले, “ऑइल?” मी म्हणालो, “घरी घातलंय.”

टाकीत जुने पेट्रोल थोडे होते, त्यात ऑइल होतेच. तेवढ्याने एक फेरी निभावेल, असा माझा हिशेब. गणितात मी कधीच पुढे नव्हतो. घोणसे घाटाच्या चढणीला गाडी कुरकुरली, तिचा आवाज एकाएकी घोगरा झाला आणि मागचे चाक जागच्या जागी जखडले. क्लच वेळीच दाबला म्हणून वाचलो. गाडी वळवून, उतारावर सोडून, सपाटीवर ढकलीत मी घरी आलो. खिशात ऑइलचे पैसे वाजत होते. घरी सांगितले, “पंपावाल्यानं पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं होतं.”

बाबा “बरं” म्हणाले. एवढेच.

तो दिवाळी अंक मी पुढे कधीच घेतला नाही. पैसे आईच्या डब्यात टाकून दिले. बाबांनी इंजिन उघडून घेतले, नवा पिस्टन घातला आणि जुना टेबलावर ठेवला. आता विचार केला की नवल वाटते. नारळ खवट निघाला तर दुकानात परत नेऊन देणारे आमचे बाबा; त्यांनी त्या पंपावाल्याशी ब्रही काढला नाही. उलट पुढची सगळी वर्षे ते त्याच पंपावर पेट्रोल भरत राहिले. मला तेव्हा वाटले होते, बाबा भिडस्त आहेत!

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, एका मुलीचा बाप. पण दारातून आत पाऊल टाकताना माझे वय झरझर उतरत गेले. मी सगळे सांगितले. दिवाळी अंकाचेही सांगितले.

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “दुसऱ्याच दिवशी पंपावर गेलो होतो. तो म्हणाला, तुमच्या मुलानं ऑइल घेतलं नाही.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? वहीतला रकानाही कोरा ठेवलात. तुम्ही तर कधी...”

“अरे, फेरफार नोंदवायचा तर आधी ज्याचा संबंध आहे त्याला नोटीस द्यावी लागते. त्याचं म्हणणं घ्यावं लागतं. एकतर्फी नोंद टिकत नाही.” त्यांनी पिस्टनकडे बोट केले. “नोटीस तेव्हाच टेबलावर लावली होती. तुझा जबाब यायचा होता.”

सत्तावीस वर्षे! मी त्या टेबलावर अभ्यास केला, एम.ए.चे टाचण काढले, लग्नाच्या याद्या केल्या; आणि नोटीस माझ्या डोळ्यांसमोर कागद दाबून बसली होती. ते त्या दिवशी रागावले असते तर मी उलट बोललो असतो. त्या वयात माझा पारा लवकर चढे. घरात दोघांचेही तापले असते आणि एकमेकांना पकडून बसलो असतो. त्यांनी मध्ये केसाएवढी जागा सोडली होती. चाचांच्या तोंडून तिचे माप ऐकले होते म्हणून आज मला ती ओळखता तरी आली.

बाबांनी वही पुढे सरकवली. “भर तो रकाना. निळ्या शाईनं. खाडाखोड नको.”

मी लिहिले: ‘ऑइल घातले नाही.’ खाली सही केली. पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नपत्रिकांत मी हजारो वाक्ये लिहिली आहेत. पण इतके छोटे आणि इतके शुद्ध वाक्य क्वचितच लिहिले असेल.

“आणि सिलिंडरचं?” मी विचारले.

“लायनर घाल.”

“पण बाबा, मूळची भिंत...”

“भिंत राखायची आहे की गाडी चालवायची आहे? आता ६६ला गेलास तर तुझ्यानंतर कापायला काही राहणार नाही. पोरीनं काय करायचं? पुढच्या माणसाला धातू शिल्लक ठेवावा.”

माझा पोथीचा दृष्टान्त मी मुकाट्याने परत घेतला.

आता प्रश्न पिस्टनचा. सिलिंडर कापून मग त्याच्या मापाचा पिस्टन शोधणे ही नवशिक्याची रीत. आधी पिस्टन हाती घ्यावा आणि लेथवाल्याने तो मोजून लायनर त्याच्या बेताने कापावा, ही चाचांची ताकीद. म्हणून मी ताम्हिणी घाटातून एस.टी.ने पुण्याला गेलो. पिशवीत नमुना म्हणून टेबलावरचा तो पिस्टन होता. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. एका वयस्क दुकानदाराने माझ्यासमोर तीन पिस्टन मांडले.

पहिला अगदी नवा, चकचकीत, रंगीत खोक्यातला आणि स्वस्त. पण रिंगेच्या खोबणीत बोट फिरवले तर कड खरखरीत लागत होती. दुसरा घडीव, म्हणजे तापवलेला धातू दाबून घडवलेला. हा फार दणकट, शर्यतवाल्यांच्या आवडीचा. परंतु घडीव पिस्टन ओतीवापेक्षा अधिक फुगतो, म्हणून त्याला जागा अधिक सोडावी लागते आणि थंड इंजिनात तो खडखडतो. शिवाय त्याचे वजन निराळे. जावाचा क्रँक मूळ पिस्टनच्या वजनाशी तोलून केलेला. ते बिघडले की गाडी हँडलपासून पावठाणापर्यंत थरथरते. तिसरा होता जुन्या साठ्यातला, तेलकट कागदात गुंडाळलेला ओतीव पिस्टन. माथ्यावर बाण आणि ६५चा आकडा. तो बाण पुढे, एक्झॉस्टकडे करून बसवायचा असतो. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला बाजूंनी खिडक्या असतात. रिंगेची टोके त्या खिडकीत अडकू नयेत म्हणून खोबणीत बारीकशी पिन ठोकलेली असते. पिस्टन उलटा बसला की सगळाच घोटाळा.

मी पिशवीतून माझा पिस्टन काढला. दुकानदाराने त्याच्यावरचे ओरखडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काही विचारले नाही. पुण्याच्या दुकानदाराने काही न बोलणे ही केवढी दया! त्याने दोन्ही पिस्टन शेजारी ठेवले. गजन पिनचे भोक, भोकापासून माथ्यापर्यंतची उंची, रिंगांची रुंदी, पिनांच्या जागा, सगळे जुळले. राहता राहिले वजन. ते आम्ही म्हसळ्यात सोनाराच्या काट्यावर केले. सोनार म्हणाला, “मास्तर, हा दागिना कोणाला घालणार?” फरक फारसा निघाला नाही, नवा रतिभर हलका, कारण मापही पाव मिलिमीटर कमी. आपल्या हातून बिघडलेली वस्तूच नव्याचे माप ठरवायला उपयोगी पडावी, याचे मला मोठे समाधान वाटले.

महाडहून लायनर बसून आला. बाहेरून तोच जुना सिलिंडर, तीच गंजाची छटा असलेली पाती; आतून आरशासारखा. आता राहिले पेट्रोल.

बाबांच्या काळी पेट्रोलचा प्रश्न एवढाच, की त्यात भेसळ आहे की नाही. तेव्हा त्यात शिसे असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या चार-स्ट्रोक गाड्यांच्या मालकांना व्हॉल्व्हच्या काळजीने झोप येईना. जावाला व्हॉल्व्हच नाहीत, त्यामुळे तिच्या घरी त्याचे सुतक नव्हते. आजची गोष्ट निराळी. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात, आणि त्याचे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. हे इथेनॉल पुष्कळसे आपल्याच उसातून, मळीतून येते, धान्यापासूनही करतात. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात, परदेशी तेल तितके कमी लागते. ही बाजू कोणी नाकारू नये. पण १९७१ साली मैसूरच्या कारागिरांनी जावा जोडली ती काही उसावर चालवण्यासाठी नव्हे!

चाचांनी हिशेब समजावला. इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते, आणि त्यातून लिटरमागे उष्णताही सुमारे दोन तृतीयांशच मिळते. जुना कार्ब्युरेटर मात्र आपल्या ठरल्या मापानेच पेट्रोल सोडणार. म्हणजे नव्या पेट्रोलाच्या दृष्टीने मिश्रण पातळ, आणि पातळ मिश्रणाने पिस्टन तापतो. म्हणून जेट थोडा मोठा घातला. जुन्या रबरी नळ्या, वायसर इथेनॉलने फुगतात, चिरतात. त्या सगळ्या बदलल्या. टाकी आतून धुऊन, गंज काढून कोरडी केली.

परंतु खरा वैरी म्हणजे आपली कोकणची हवा. इथेनॉल हवेतली ओल पिते. ओल मर्यादेपलीकडे गेली की ते पाण्याला घेऊन पेट्रोलापासून फुटते आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलातच राहते. आणि कॉक कुठे? तळाशी! म्हणजे आपण ऑइल इमानाने मोजून घातलेले असले तरी आषाढात महिनाभर उभी राहिलेली गाडी काढली की इंजिनाला पहिला घोट मिळणार तो बिनऑइलचा. हे ऐकताच मी दचकलो. पिस्टन कोरडा पकडण्याचा माझा जुना पराक्रम आता नुसत्या आळसानेही होऊ शकत होता.

उपाय साधे आहेत. पेट्रोल थोडे आणावे, ताजे आणावे, लागेल तेवढेच मिसळावे. घरी परतताना कॉक बंद करून कार्ब्युरेटरमधले शेवटचे पेट्रोल जळू द्यावे. आणि पावसाळ्यात गाडी ठेवायचीच असेल तर टाकी रिकामी करून, कोरडी पुसून ठेवावी. साठवून ठेवण्यासारखे ते पेट्रोल राहिले नाही. काही गोष्टी वेळच्या वेळी वापरून टाकाव्यात हे मलाही हल्ली पटू लागले आहे.

गेल्या महिन्यात पाऊस उघडला तसा आम्ही मुहूर्त धरला. सकाळी मी डबा घेऊन त्याच पंपावर गेलो. जुना माणूस आता नाही. त्याच्या जागी एक तरुण मुलगा होता. मी चार लिटर पेट्रोल घेतले आणि टू-टी ऑइलची बाटली मागितली. त्याला ती शोधून काढावी लागली. टू-स्ट्रोक गाडीच त्याने फारशी पाहिली नसावी. मला त्याला सांगावेसे वाटले की तुझ्या पंपाने रॉकेल कधी मिसळले नाही. पण ती बदनामी मी आमच्या घरातच केली होती आणि बाबांनी ती घराच्या उंबऱ्याबाहेर जाऊच दिली नव्हती. मी पैसे दिले आणि परत आलो.

अंगणात मुलगी औषधाचे माप घेऊन बसली होती. पंचवीसास एक या हिशेबाने १६० झाले असते. नवा पिस्टन रुळेपर्यंत, म्हणजे पहिले काही शे किलोमीटर, चाचांनी वीसास एक सांगितले होते. चार लिटरला किती? तिने पाटीवर न लिहिता उत्तर दिले, “दोनशे.” गणिताच्या बाबतीत ती आजोबांवर गेली आहे हे किती बरे! तिने मोजून ऑइल ओतले, डबा हलवला आणि वहीत नोंद केली. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे यावर तिचा आणि माझ्या पत्नीचा थोडा वाद झाला. अखेर ‘सहस्रचंद्रदर्शन’ असे लिहिले गेले.

बाबांना खुर्ची मांडली. चाचा बाजूला उभे राहिले. मी किकवर पाय ठेवला.

“अरे,” बाबा म्हणाले, “ऑइल?”

सत्तावीस वर्षांपूर्वी एका माणसाने मला हेच एका शब्दात विचारले होते.

“घातलंय, बाबा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. पहिल्या किकेला ती खोकली. दुसरीला गप्प राहिली. तिसऱ्या किकेला दोन्ही सायलेन्सरमधून निळसर धुराचे लोट उठले आणि तो जुना घुमणारा आवाज अंगणभर झाला. आतून माझ्या पत्नीने चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला.